अकराव्या फलंदाजाचे नाव

उंबरटेक, पो. खोडाळा, ता. मोखाडा
१० फेब्रुवारी २००३

आदरणीय देवस्थळी गुरुजी यांस,
शिष्य सुदर्शन झुगरे याचा साष्टांग नमस्कार.

गुरुजी, काल आपण जिंकलो. मंडळाच्या चिटणिसांना पत्र लिहिताना 'आपण' म्हणणे योग्य नाही, हे मला कळते. जव्हारचा संघही तुमचाच आणि त्याचा कर्णधार ऋषिकेश तर तुमचा नातू. परंतु काल उंबरटेकच्या प्रत्येक घरात हाच शब्द होता, म्हणून तो खोडत नाही.

तीन हंगामांत अकरा सामने आणि अकरा पराभव. सलग तीन हंगाम एकही विजय न मिळवणाऱ्या संघाचे नाव लीगमधून कमी करावे, हे कलम तुम्हीच लिहिले आहे. कालचा आमचा शेवटचा सामना होता. तो गेला असता, तर पुढच्या वर्षी भात निघाल्यावर आमचे मैदान पुन्हा नुसते खाचर झाले असते.

यादीतल्या चौदा मुलांपैकी तिघे भिवंडीला कामावर गेले आहेत आणि एक तापाने आजारी. उरले दहा. पंधराव्या क्रमांकावर केवळ जागा भरण्यासाठी माझ्या वडिलांचे नाव नोंदवले होते. ते बैल सोडून, डोक्याचे मुंडासे न काढता तसेच आले. आजवर त्यांनी बांधावर बसून आमचे बॉल परत फेकण्याखेरीज काही केलेले नव्हते.

जव्हारने शहाण्णव धावा केल्या. एकोणिसाव्या षटकाच्या शेवटी आमच्या नऊ बाद नव्वद. सात धावा हव्या, षटक एक, आणि समोरून बाबा चालत येत होते. मी त्यांना म्हणालो, "बाबा, फक्त उभे राहा." ते म्हणाले, "उभंच राहायचं तर बैल काय वाईट होते?"

पहिल्या चेंडूवर मी एक धाव काढली. दुसरा बाबांना दिसलाच नाही. तिसऱ्यावर दोन. चौथा आणि पाचवा नुसतेच गेले. सहावा बॉल त्यांनी लाकूड फोडतात तसा, वरून खाली घाव घालून मारला. तो जमिनीवर आपटला, गोलंदाजाच्या डोक्यावरून उडाला आणि दोन टप्प्यांत बांधापल्याड, शेजारच्या नागलीच्या खाचरात जाऊन पडला. चार धावा. पंचांनी हात हलवण्यापूर्वीच गावाने बाबांना उचलले होते.

धावांची वही सोबत पाठवतो.

तुमचा आज्ञाधारक,
सुदर्शन


जव्हार
१५ फेब्रुवारी २००३

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि नोंदवही मिळाली. प्रथम अभिनंदन. नंतर दोन दुरुस्त्या: 'बॉल' हा शब्द तू दोन वेळा लिहिला आहेस आणि 'चेंडू' केवळ एकदा. ज्याला एक शब्द येतो, त्याने दुसऱ्याच्या दारी जाऊ नये.

वही मी दोनदा तपासली. गेल्या आठ वर्षांत माझ्यासमोर आलेल्या वह्यांत इतकी स्वच्छ वही दुसरी नाही. गोलंदाजांच्या, फलंदाजांच्या आणि षटकांच्या अशा तिन्ही बेरजा जुळतात. गुणलेखक म्हणून 'गो. भि. झुगरे' अशी सही आहे. हे गृहस्थ कोण, हे मला ठाऊक नाही. पण त्यांनी शिक्षकी पत्करायला हवी होती.

आता अप्रिय भाग. अकराव्या फलंदाजाच्या रकान्यात या गृहस्थांनी लिहिले आहे: 'सुदर्शनचे बाबा'. त्यापुढे सहा धावा. जव्हार संघाच्या कर्णधाराने लेखी तक्रार केली आहे की, या नावाचा खेळाडू तुमच्या यादीत नाही आणि कलम नऊप्रमाणे निनावी खेळाडूच्या धावा धरता येत नाहीत. सहा धावा वजा केल्या की तुमच्या एक्याण्णव होतात.

तो खेळाडू कोण, हे मी तुझ्या पत्रात वाचले आहे. पण तू कर्णधार आहेस आणि त्याचा मुलगाही. तुझे सांगणे हा पुरावा नव्हे. वहीतील दुरुस्ती फक्त गुणलेखक करू शकतो आणि तीही समितीसमोर, स्वतःच्या तोंडाने. तक्रारदार माझा नातू आहे, म्हणून हे कलम मी इतर वेळेपेक्षा अधिक काटेकोरपणे वाचणार आहे, दोन्ही बाजूंनी. गुणलेखकांस माझ्याकडे पाठव.

तुझा,
दा. के. देवस्थळी


उंबरटेक
२० फेब्रुवारी २००३

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पंचायत समितीच्या कचेरीत, मी कामावर असताना मिळाले. त्या दिवशी माझ्याकडून दोन जावक क्रमांक चुकले.

आमचे नेहमीचे गुणलेखक म्हणजे शाळेचे मास्तर. सामन्याच्या रविवारी पोलिओचे डोस असल्यामुळे त्यांना बूथवर बसावे लागले. म्हणून ऐन वेळी वही दुसऱ्याकडे द्यावी लागली. ज्यांच्याकडे दिली, त्यांना जव्हारला येणे अवघड आहे. त्यांच्यामागे शेत आहे, जनावरे आहेत, घर आहे. त्यांनी लेखी खुलासा दिला तर चालेल का? किंवा ती दुरुस्ती मीच त्यांच्या वतीने केली तर?

जिंकल्यापासून मुले रोज संध्याकाळी खेळपट्टीवर पाणी शिंपडत आहेत. अजून कोणालाही मी काही सांगितलेले नाही.

तुमचा,
सुदर्शन


जव्हार
२४ फेब्रुवारी २००३

श्री. गो. भि. झुगरे यांस,
स. न. वि. वि.

आपला परिचय नाही, तथापि आपले अक्षर परिचयाचे झाले आहे. त्या अक्षराविषयी आदर राखून लिहितो.

संपूर्ण डाव निर्दोष नोंदवणाऱ्या माणसाने अकराव्या फलंदाजाचे नाव लिहिण्याचा कंटाळा करावा, हे मला समजत नाही. दहा नावे पूर्ण लिहिणारा हात अकराव्या नावापाशी थकतो कसा? आपल्या कर्णधाराने मला एक मोघम पत्र पाठवले आहे. त्यात शेत, जनावरे आणि घर यांची नावे आहेत, फक्त आपले नाव नाही. पुरुषासारखे पुरुष असून आपण मुलाच्या पत्राआड लपता, हे आपल्या अक्षराला शोभत नाही.

आपल्या एका आळसापायी उंबरटेकचा एकुलता एक विजय आणि लीगमधील स्थान, दोन्ही जातील. कृपया खुलासा करावा.

आपला,
दा. के. देवस्थळी
चिटणीस, जव्हार–मोखाडा ग्रामीण क्रिकेट मंडळ


उंबरटेक
२ मार्च २००३

गुरुजींना नमस्कार.

मी श्री नाही. मी सुदर्शनची आई गोदा. हे पत्र मी मुलाला न दाखवता लिहिते. चुका असतील तर तुम्ही सुधारून वाचा. मी साक्षरता वर्गात शिकले, तेव्हा वर्ग जनावरे परत यायच्या वेळेला भरायचा म्हणून निम्मी अक्षरे गोठ्यात पाठ केली.

तुम्ही मला आळशी म्हणालात ते खोटे आहे. त्या दिवशी मी चाळीस षटके एका जागी बसले. पाणी प्यायला पण उठले नाही. चार वर्षे बांधावर बसून मी खेळ बघते. मास्तर वही कशी भरतात ते मागून बघत होते. म्हणून मुले म्हणाली, आई तूच लिही.

दहा जणांची नावे मी लिहिली. त्यात माझा दीर आहे, तो धाकटा, त्याचे नाव घ्यायला अडचण नाही. अकरावे यायला लागले तेव्हा मी पेन उचलून ठेवला. ते खेळतील असे मला कोणी सांगितले नव्हते. मी म्हणाले दुसरे कोणी लिहा, पण सगळे उभे राहून ओरडत होते, माझे कोण ऐकणार? बॉल तर टाकला. धाव तर लिहायला पाहिजे. मग मी घरात म्हणते तेच लिहिले.

तीस वर्षे मी ते नाव तोंडातून काढले नाही. हाताने लिहिले तरी तेच झाले. तुमच्या कलमात म्हणे खेळाडू ओळखता आला पाहिजे. सुदर्शनचे बाबा एकच आहेत. दुसरे असते तर मी अगोदर तुम्हाला कळवले असते.

सुदर्शनला रागावू नका. त्याला वाटते, बाईने वही लिहिली म्हणून जव्हारचे लोक हसतील. पण मुलांचा खेळ माझ्यामुळे बंद पडू नये. काय करायचे ते सांगा. नाव सोडून बाकी सगळे करते.

गोदा


जव्हार
६ मार्च २००३

सौ. गोदाबाई झुगरे यांस,
सादर नमस्कार.

आपली क्षमा मागतो. दोन आद्याक्षरांवरून मी मिशा असलेला एक मनुष्य उभा केला आणि त्याच्यावर रागावलो. आपल्या पत्रात सुधारण्याजोगे फारसे नाही. जे आहे, ते मी सुधारणार नाही.

आपली अडचण मला परकी नाही. माझी दिवंगत पत्नी चाळीस वर्षे मला 'अहो' एवढेच म्हणत असे. एकदा जव्हारच्या दवाखान्यात तिला पतीचे नाव विचारले, तेव्हा तिने समोरच्या भिंतीवर लावलेल्या, माझे नाव असलेल्या देणगीदारांच्या यादीकडे बोट दाखवले आणि परिचारिकेने केसपेपरावर पहिलेच नाव लिहून टाकले. तिचे औषध आठवडाभर दुसऱ्याच्याच नावाने येत होते.

तरीसुद्धा कलम नऊ मला मोडता येत नाही. आज मी ते आपल्यासाठी मोडले, तर उद्या नातवासाठी मोडावे लागेल. एवढे मात्र करतो: आपण जव्हारला येऊ नका, समितीच खोडाळ्याला येईल. रविवार, १६ मार्च, सकाळी दहा वाजता, शाळेच्या वर्गात. समितीत मी आणि त्या सामन्याचे पंच श्री. कमलेश असू. तक्रारदार म्हणून ऋषिकेश उपस्थित राहील. सुदर्शन आपला मुलगा असल्यामुळे त्याला बाहेर बसावे लागेल. नाव आपल्याच तोंडून यावे लागेल. कसे, ते मला सुचत नाही.

आपला,
दा. के. देवस्थळी


उंबरटेक
१८ मार्च २००३, होळी

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

आधी अपराध कबूल करतो. आईचे नाव मी लपवले. 'गो. भि.' ही आद्याक्षरे तिच्या सहीच्या जागी मीच लिहिली होती. आमच्या वहीवर बाईची सही दिसली तर सामनाच थट्टेवारी जाईल, असे मला वाटले. तिने तुम्हाला लिहिलेले पत्र मला तुमचे उत्तर आल्यावर कळले. त्या दिवशी मला जेवायला वाढताना ती एवढेच म्हणाली, "मिशा आल्या होत्या मला. गुरुजींनी काढल्या."

आता विनंती. परवा आत काय झाले? मी आणि बाबा शाळेच्या पायरीवर बसलो होतो. थोड्या वेळाने श्री. कमलेश बाहेर आले आणि बाबांना म्हणाले की, तुम्ही एस.टी. थांब्यावर जाऊन चहा घ्या. बाबा का म्हणून न विचारता निघून गेले. नंतर आतून ऋषिकेशच्या हसण्याचा आवाज आला. मग टाळ्या. मग बराच वेळ काहीच नाही. आई पदर सावरत बाहेर आली, थेट बाजाराच्या दिशेने चालू लागली आणि मला म्हणाली, "चल, मिरच्या घ्यायच्यात."

त्यानंतर ती एक अक्षर बोललेली नाही. तुम्ही निर्णय लेखी कळवण्याचे सांगून बसमध्ये बसलात. भिवंडीची मुले होळीसाठी परत आली आहेत. सगळी एकच प्रश्न विचारतात, आणि मी आईकडे बोट दाखवतो.

तुमचा,
सुदर्शन


जव्हार
२१ मार्च २००३

चि. सुदर्शन यास,
अनेक आशीर्वाद.

निर्णय शेवटी लिहिण्याची पद्धत आहे. ती पाळतो. तुला घाई असल्यास शेवटून वाच, पण तू माझा विद्यार्थी आहेस.

कामकाज दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाले. ऋषिकेशने तक्रार वाचली. ती वाचताना तो मला 'आजोबा' म्हणाला. मी त्याला 'चिटणीस' म्हणायला लावले. त्याचे म्हणणे असे की, वही सामन्यानंतर सवडीने लिहिली असावी, कारण इतकी नीटनेटकी वही मैदानावर लिहिता येत नाही.

मी गोदाबाईंना वही न दाखवता शेवटचे षटक विचारले. त्यांनी ते चेंडूगणिक सांगितले. नंतर त्यांनी आपण होऊन ऋषिकेशच्या डावातील सातवे षटक सांगितले, आणि त्यात तो यष्टिरक्षकाच्या हातून एकदा सुटला होता, तेही सांगितले. श्री. कमलेश यांनी मान डोलावली. ऋषिकेशने तो मुद्दा सोडला.

उरले नाव. मी विचारले. गोदाबाई खिडकीकडे पाहत राहिल्या. खिडकीतून तुझ्या वडिलांचे मुंडासे दिसत होते. त्या म्हणाल्या, "त्यांना जरा लांब धाडा." श्री. कमलेश यांनी ते काम केले, हे तू पाहिलेच आहेस.

मी पुन्हा विचारले. ऋषिकेश घड्याळाकडे पाहू लागला. सामना तुमच्या हातून निसटत होता आणि मला काही करता येत नव्हते; ते कलम माझेच होते. मग गोदाबाई मला म्हणाल्या, "सरळ नाय यायचं ते, गुरुजी. वळणानं आलं तर चालंल का?"

मी नियमावली चाळली. वळणाविषयी तीत काहीही नाही. मी म्हणालो, "चालेल."

त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांनी जे म्हटले, ते कामकाजाच्या वहीत जसेच्या तसे नोंदवले आहे:

"हरल्यावर जव्हारकरांनी वहीवर केली टीका,
बांधापल्याड चेंडू धाडला, त्यांचं नाव भिका."

'चेंडू' हा शब्द त्यांनी वापरला, याची तू नोंद घ्यावीस.

प्रथम ऋषिकेश हसला. ते हसणे तू ऐकलेस. त्यात कुचेष्टा नव्हती. टाळ्याही त्यानेच सुरू केल्या. मी माझी लेखणी खाली ठेवली होती की नाही, हे मला आठवत नाही.

टाळ्या थांबल्यावर मी सांगितले की, कलम नऊमध्ये 'पूर्ण नाव' असे शब्द आहेत. तेव्हा खेळाडूच्या वडिलांचे नावही आवश्यक आहे. गोदाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला आणि म्हणाल्या, "सासऱ्यांचं नाव तर उखाण्यातपण नाय येत." श्री. कमलेश छताची कौले मोजू लागले. ऋषिकेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चिटणीस, आता पुरे."

आठ वर्षांत मी त्या नियमावलीतील एकही शब्द वाकवलेला नाही. त्या दिवशी वही माझ्याकडे ओढून घेतली आणि 'भिका' व 'झुगरे' यांच्यामध्ये 'ढवळू' हे नाव तुमच्या यादीत पाहून माझ्या हाताने लिहिले. ते गुणलेखकाच्या तोंडून आलेले नाही. कोणी आक्षेप घेतल्यास तो माझ्यावर घ्यावा. ऋषिकेशने घेतला नाही; त्याने खाली सही केली.

निर्णय: अकरावा फलंदाज भिका ढवळू झुगरे याच्या सहा धावा ग्राह्य धरण्यात आल्या आहेत. उंबरटेक संघ एका गड्याने विजयी. संघाचे नाव लीगमध्ये कायम राहील. गुणलेखकाच्या सहीची जागा कोरी करून वही सोबत परत पाठवत आहे. तेथे गोदाबाईंनी स्वतःचे नाव पूर्ण लिहावे. मधले नाव त्यांना लिहायचे नसल्यास मला कळवावे. आता मला सवय झाली आहे.

तुझा,
दा. के. देवस्थळी


उंबरटेक
२९ मार्च २००३

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र खोडाळ्याच्या बाजारात हाती आले. मी शेवटून वाचले नाही, हे आधी सांगतो. पण पोरांनी मला घरी येईपर्यंत थांबू दिले नाही. जीपच्या टपावर चढवून मोठ्याने वाचायला लावले. निर्णयापर्यंत पोहोचलो तेव्हा जीपभोवती सगळा बाजार होता. त्यानंतर काय झाले ते नीट सांगता येत नाही. मी खाली उतरलो नाही. मला खाली घेतले गेले. मुलांनी बाजारापासून उंबरटेकपर्यंतची सगळी वाट नाचत काढली, आणि जव्हारला निघालेल्या एस.टी.चा चालकही एका वळणावर गाडी थांबवून हॉर्न वाजवत बसला.

उखाणा मात्र आमच्या आधी गावात पोहोचला. नागली निवडत बसलेल्या बायका तो म्हणत होत्या. आई घराबाहेर आली आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की, मी पत्र खिशात घातले. ती म्हणाली, "ते कामकाजात लिहायचं नव्हतं. गुरुजींना कळव, तेवढं खोडा म्हणावं."

बाबा अंगणात बैलांना पेंढा घालत होते. तोपर्यंत त्यांनी तो उखाणा ऐकला नव्हता. त्यांच्यासमोर म्हणायला कोणी धजले नव्हते. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वाच."

मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. तिसऱ्यांदा वाचला, तेव्हा आई घरात निघून गेली होती. बाबांनी पत्र माझ्या हातातून घेतले. त्यांना वाचता येत नाही, तरी त्या दोन ओळींवर त्यांनी बोट ठेवले. ते बरोबर जागी होते.

"खोडायचं नाय," ते आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, आई ऐकेल अशा आवाजात. "गुरुजींना लिही. सहा धावा माझ्या हायत. ह्या दोन ओळी तिच्या."

थोड्या वेळाने आईने वही मागवून घेतली आणि सही केली. पूर्ण. मधले नाव लिहिताना तिने दार लावून घेतले होते, एवढेच.

वही सोबत पाठवतो.

तुमचा,
सुदर्शन भिका झुगरे
कर्णधार, उंबरटेक क्रिकेट संघ